सुकाणूच्या दांड्यातून होडीत पाणी येतंय, दोरी बदलली तरी थांबत नाही

पाणकावळा_वडोदरा (२४ मे, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याचा, राहायला दांडिया बाजारात. आम्हा तिघा मित्रांची मिळून एक २४ फुटी फायबरची शिडाची होडी आहे, सेकंडहँड घेतलेली. ती रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीत नांगरलेली असते. महिन्यातले दोन शनिवार-रविवार आम्ही रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठून तिकडं जातो.

यंदा जानेवारीपासून होडीत मागच्या बाजूला पाणी साठायला लागलं. आधी बादलीभर, मग दोन. फेब्रुवारीत तिथल्या एका मेकॅनिकला बोलावलं. सुकाणूचा दांडा होडीच्या बुडातून ज्या नळीतून वर येतो, त्या नळीच्या तोंडाशी ग्लँड आहे, म्हणजे दांड्याभोवती पाणी अडवणारी दोरी भरून नटांनी आवळायची जागा. त्यातली जुनी दोरी काढून त्यानं नवी भरली. महिनाभर तळ कोरडा राहिला, आणि एप्रिलमध्ये पुन्हा तेच. गेल्या रविवारी तीन तास शीड लावून फिरलो तर चार बादल्या पाणी उपसलं. ग्लँडचे नट आवळले तर टिलर (सुकाणू फिरवायची मूठ) इतकं जड होतं की हात भरून येतो, आणि सैल केले की धार लागते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात होडी बाहेर काढणार आहोत. पावसाळ्याचे चार महिने हातात आहेत. यावेळी नीट करायचं आहे. एका मित्राचं म्हणणं, सगळीकडून सिलिकॉन भरून मोकळं व्हावं. मला ते पटत नाही, पण त्याला सांगायला कारणही सापडत नाही.

खाडीकाठ (२४ मे, रात्री १०:३०)

दादा, आधी तीन गोष्टी सांगा. पाणी जिभेला लावून बघितलंत का, खारं की गोडं? नुसती नांगरावर उभी असताना येतं की चालताना? आणि टिलर सोडून, दांडा दोन्ही हातांनी धरून आडवा हलवला तर हलतो का?

पाणकावळा_वडोदरा (२५ मे, सकाळी ७:१०)

खारं आहे. नांगरावर अगदी थोडं येतं, आठवड्याला अर्धी बादली असेल. इंजिनावर वेगात चाललो की सर्वांत जास्त. दांडा हलवून बघितला नाही, पण वारा मागून असला की टिलर हातात कटकट करतं हे खरं. आम्हाला वाटलं जुन्या होडीत असंच असतं.

खाडीकाठ (२५ मे, सकाळी ८:००)

असंच नसतं. ती कटकट म्हणजे बुश, दांडा ज्यात फिरतो ती कडी, खाल्लेला आहे.

वेगात चालताना होडीचा मागचा भाग खाली बसतो आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलली जाते. त्यामुळे एरवी पाण्याच्या वर असणारं ग्लँडचं तोंड पाण्याखाली जातं. म्हणून नांगरावर कमी, चालताना जास्त. पण महिन्याभरात नवी दोरी खराब होणं हे दोरीचं दुखणं नाही, हे नक्की.

बाहेर काढायची तर अमावास्येचं किंवा पौर्णिमेचं उधाण धरा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला खाडीत वरच्या अंगाला पाणी पुरत नाही आणि होडी मध्येच बसते. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बहुतेक होड्या त्याच उधाणाला वर येतात. माणसं आणि दोर आधी सांगून ठेवा. आणि काही लोक म्हणतील, ओहोटीला होडी चिखलात बसवा आणि सहा तासांत काम उरका. दोरी बदलायला ते ठीक. तुमचं काम सहा तासांचं दिसत नाही.

जुना_पंपवाला (२५ मे, दुपारी १:२०)

मी वडोदऱ्यातच असतो. शीड कधी हातात धरलं नाही, पण ३४ वर्षं कारखान्यांत पंप सांभाळले आणि ग्लँड हा माझ्या पोटापाण्याचा विषय होता. तुमच्या होडीचा ग्लँड आणि पंपाचा ग्लँड तत्त्वानं एकच आहेत, म्हणून बोलतो.

मी कलाभवनात शिकलो, सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेत. वर्कशॉपमध्ये आमच्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की जिथं गळतं तिथं आधी हलतं का ते बघा. दोरीचं काम पाणी अडवायचं. दांडा जागेवर धरून ठेवणं हे बुशाचं काम. बुश झिजला की दांडा दोरीवर रेलतो, प्रत्येक लाटेला तिला एका बाजूनं दाबतो आणि दुसऱ्या बाजूला फट पडते. मग माणूस नट आवळतो. दोरी पिळली जाते, जड होते, तरी फट राहतेच. तुम्ही जे लिहिलंय ते हुबेहूब हेच आहे.

आता दोरीबद्दल. मेकॅनिकनं एकच लांब दोरी गोल गोल गुंडाळून आत कोंबली असेल तर तीही चूक. वेगवेगळी कडी कापायची असतात, टोकं तिरकी, ४५ अंशांत. एकेक कडं बसवायचं, आणि प्रत्येकाचा सांधा आधीच्या कड्यापासून १२० अंश फिरवून ठेवायचा, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही. तीन कडी पुरतात. दोरीची जाडी काढायला ग्लँडच्या भोकाच्या व्यासातून दांड्याचा व्यास वजा करायचा आणि निम्मं करायचं. भोक ५४ मिलिमीटर आणि दांडा ३८ असेल तर दोरी ८ची. ठोकून चपटी करून बसवलेली १०ची दोरी चालत नाही.

पंपाला आम्ही थोडं टपकू देतो, कारण सतत फिरणारा शाफ्ट त्या थेंबांवरच थंड राहतो. तुमचा दांडा थोडासाच इकडून तिकडे वळतो, तापत नाही. त्यामुळे सुकाणूचा ग्लँड पूर्ण कोरडा राहिला पाहिजे आणि टिलर बोटानं हललं पाहिजे. दोन्ही एकदम होत नसेल तर दोष दुसरीकडे आहे असं समजा. आणि ग्रॅफाइटची काळी दोरी घेऊ नका. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइटला लागून असलेलं स्टेनलेस खाल्लं जातं. टेफ्लॉनची पांढरी घ्या, नाहीतर चरबी मुरवलेली तागाची.

पाणकावळा_वडोदरा (२५ मे, दुपारी २:०५)

काका, मेकॅनिकनं दोरी गुंडाळूनच भरली होती. मी स्वतः बघितलं. आणि ती काळी होती.

सराफा_रात्र (२५ मे, रात्री ११:१५)

मी इंदूरची, समुद्र वर्षातून एकदा बघणारी. पण धागा वाचतेय आणि एक प्रश्न पडलाय. सिलिकॉन नको असं का? आमच्या बाथरूमला तर तेच लावतात आणि वर्षानुवर्षं टिकतं.

रेझिनवाली (२६ मे, सकाळी ९:४०)

प्रश्न अगदी बरोबर आहे. मी वडोदऱ्याच्या एका युनिटमध्ये केमिकलच्या फायबर टाक्या बनवते, रोज हात रेझिनमध्ये असतात, म्हणून मी सांगते.

बाथरूमचा सांधा हलत नाही आणि त्यावर दाब नसतो. इथं सगळं हलतंय. शिवाय सिलिकॉनचा न दिसणारा तेलकट थर मागे राहतो, आणि एकदा तो फायबरवर बसला की पुढं त्यावर इपॉक्सी धरत नाही. ॲसिटोननं पुसलं तरी तो नुसता पसरतो. आमच्या शॉपमध्ये लॅमिनेशनच्या जागी सिलिकॉनची ट्यूब आणायलाच बंदी आहे. आज चार बादल्यांसाठी तुम्ही सिलिकॉन भराल आणि उद्या जो खरी दुरुस्ती करायला येईल त्याला ती सगळी जागा घासून काढावी लागेल.

पाणकावळा दादा, होडी बाहेर काढण्याआधी एक करा. दोरीचा ग्लँड ही एकच वाट आहे असं धरून चालू नका. नळी जिथं बुडाला चिकटवलेली असते तो सांधा बघा. मागचा सगळा भाग पुसून कोरडा करा, नळीच्या बुडाशी सगळीकडून टाल्कम पावडर भुरभुरवा आणि ग्लँडभोवती टिश्यू पेपर बांधा. मग एकानं टॉर्च घेऊन तिथं बसायचं आणि दुसऱ्यानं इंजिनावर होडी चालवायची. पाणी जिथून येतं तिथं पावडरीत रेघ उमटते. साठलेलं पाणी बघून काही कळत नाही, ते वाहत वाहत सर्वांत खालच्या जागी गेलेलं असतं.

पाणकावळा_वडोदरा (१ जून, रात्री ८:३०)

ताई, पावडरीनं डोळे उघडले. टिश्यू भिजला, म्हणजे ग्लँड गळतोय हे खरं. पण त्याहून मोठी रेघ नळीच्या बुडाशी, डाव्या अंगाला उमटली. नळी आणि बूड यांच्या सांध्यात केसासारखी चीर आहे, बोटभर लांब. मित्र वर टिलर जोरात फिरवत होता आणि मी खाली टॉर्च धरून बसलो होतो. दर फेऱ्याला ती चीर उघडताना आणि मिटताना मला दिसली. पोटात गोळा आला. त्या नळीच्या आत समुद्र आहे, आणि आम्ही गेल्या वर्षी याच होडीत घरच्यांना घेऊन फिरलो होतो.

दर्यावर्दी (१ जून, रात्री ९:१५)

पोटात गोळा आला ते बरं झालं. आकडा सांगतो, म्हणजे मित्रांनाही पटेल. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर अडीच सेंटिमीटर व्यासाचं भोक पडलं तर मिनिटाला सुमारे ६० लिटर पाणी आत येतं. हातपंपानं एक माणूस एवढं पाणी फार वेळ काढू शकत नाही. आणि दांडा निसटून खाली गेला तर नळीचं भोक याहून बरंच मोठं.

होडी पुन्हा पाण्यात उतरेल तेव्हा त्या नळीच्या मापाची सागवानी निमुळती खुंटी करून, दोरीनं नळीशेजारीच बांधून ठेवा. शोधायला वेळ मिळत नाही. आणि दांड्याच्या वरच्या टोकाला, टिलरच्या खाली एक कॉलर बसवा, म्हणजे बोल्ट तुटला तरी दांडा खाली घसरणार नाही.

खाडीकाठ (२ जून, सकाळी ६:५०)

सुकाणू काढायला दांडा खाली उतरवावा लागेल. होडी ठोकळ्यांवर चढवण्याआधीच तिच्या मागच्या टोकाखाली खड्डा खणून घ्या. दांडा नळीत जेवढा असेल त्याहून वीतभर जास्त खोल. होडी बसल्यावर खाली वाकून खणायचं म्हणजे कमरेचे हाल, आणि बाजूची माती ढासळली तर ठोकळे सरकतात. खड्डा ठोकळ्यांपासून लांब ठेवा.

पाणकावळा_वडोदरा (१५ जून, रात्री १०:००)

होडी वर आली. खड्डा आधीच खणला होता. सुकाणू उतरवायला चार माणसं लागली. ते घेऊन आम्ही टेम्पोतून वडोदऱ्याला आलो.

हातात घेतल्यावर कळलं ते असं. खालचा बुश नायलॉनचा, भोक गोल राहिलेलं नाही, अंड्याच्या आकाराचं झालंय. दांडा त्यात ३ मिलिमीटर हलत होता. वरचा बुश मात्र ठीक. दांडा ३८ मिलिमीटरचा स्टेनलेसचा, वरून चकचकीत, पण जिथं दोरी बसते त्या पट्ट्यात बारीक बारीक खड्डे पडलेत, नखाला लागतात. स्टेनलेसला असं कसं होतं?

जुना_पंपवाला (१६ जून, सकाळी ७:३०)

स्टेनलेस टिकतं ते त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर राखायला प्राणवायू लागतो. वाहत्या पाण्यात तो मिळतो. दोरीखाली खारं पाणी महिनोन्‌महिने कोंडून राहिलं की तिथला प्राणवायू संपतो, थर तुटतो आणि लोखंडासारखं खाल्लं जातं, फक्त खड्ड्याखड्ड्यानं. त्यात तुमची ग्रॅफाइटची दोरी. आणि हे खड्डे कानशीसारखे नव्या दोरीला खरवडतात. महिनाभरात ती का गेली याचं अर्धं उत्तर इथं आहे.

दांडा घेऊन शनिवारी मकरपुरा जीआयडीसीत या. माझ्या ओळखीच्या लेथवर व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून डायल लावू, वाकलाय का ते कळेल. आणि आपल्या शहरात प्रेशर व्हेसलची एवढी कामं चालतात, डाय पेनिट्रंट कुठल्याही फॅब्रिकेशन शॉपमध्ये मिळेल. लाल रंग लावायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर लाल रेघ वर येते. खड्डे असले तर पॉलिश करू. चीर निघाली तर दांडा नवाच करावा लागेल, त्यात तडजोड नको.

बुशाला पुन्हा नायलॉन नको. नायलॉन ६ पाण्यात बुडून राहिलं तर वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी पितं आणि फुगतं. मग सुकाणू जाम होतं, कोणीतरी पॉलिश पेपरनं भोक मोठं करतं, आणि तिथून खेळ सुरू होतो. ॲसिटल घ्या, बाजारात डेलरिन म्हणून मागतात. ते टक्काभरही पाणी पीत नाही. मोकळीक मी ०.३ मिलिमीटर ठेवीन.

पाणकावळा_वडोदरा (२१ जून, रात्री ९:२०)

काका शनिवारी सकाळी आठला माझ्याआधी लेथवर हजर. दांडा सरळ निघाला, डायलवर ०.१ मिलिमीटरचा फरक. डाय पेनिट्रंटमध्ये खड्डे ठिपके ठिपके दिसले, रेघ एकही नाही. तो पांढरा थर वाळेपर्यंतची दहा मिनिटं मी श्वास रोखून उभा होतो. कारागिरानं दांडा लेथवर फिरवत ठेवून पॉलिश पेपरनं आरशासारखा केला. डेलरिनचा बुश दुपारपर्यंत तयार. नंतर काकांनी पैसे देऊ न देता सेव-उसळ खायला घातली. काका, तुमचे उपकार आहेत.

आता नळीचा सांधा. ताई, सांगा.

रेझिनवाली (२२ जून, सकाळी १०:१०)

मन लावून वाचा, घाई केली तर सगळं वाया जाईल.

पहिलं काम धुणं. चिरेत मीठ आहे, आणि मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं, त्यामुळे ती जागा कधीच वाळत नाही. गोड्या पाण्यानं तीन-चार दिवस रोज धुवा. मग वाळवा. पावसाळा आहे, नुसत्या पंख्यानं होणार नाही, वर ताडपत्री बांधून आत हॅलोजन दिवा लांब टांगून ठेवा. वाळलं का हे बघायला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं तर अजून ओलं आहे.

मग ग्राइंडर. चीर नुसती भरायची नाही. रंग, जेलकोट, जुनं सैल फायबर सगळं काढून घट्ट, कोरडं लॅमिनेट (फायबर-रेझिनचे मूळ थर) लागेपर्यंत घासा. चिरेपासून बाहेरच्या बाजूला उतार द्या, जाडीच्या बारा पट. म्हणजे तिथं बूड ८ मिलिमीटर असेल तर जवळजवळ १० सेंटिमीटर. मास्क आणि चष्मा लावल्याशिवाय ग्राइंडर चालू करायचा नाही. फायबरची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, मी याबाबत कोणाचं ऐकत नाही.

रेझिन इपॉक्सीच घ्या. आमच्या टाक्या आम्ही पॉलिएस्टर-व्हिनाइलवर करतो, पण ते ओलं असताना थरावर थर देतो. जुन्या, वाळलेल्या पॉलिएस्टरवर चिकटायला इपॉक्सी कितीतरी चांगलं. आणि त्यासोबत साधी चॉप्ड मॅट (तुकडे धाग्यांची चटई) वापरू नका. तिचे धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, आणि इपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे मॅट नीट भिजतच नाही. शिवलेलं बायॲक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं) काचेचं कापड घ्या, चौरस मीटरला ४५० ग्रॅमचं. आधी इपॉक्सीत सिलिका पावडर घालून लोण्यासारखं घट्ट करा आणि नळी-बुडाच्या कोपऱ्यात गोलाई भरा. काटकोनात कापड बसत नाही, मागे हवा राहते. त्या गोलाईवर चार थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन सेंटिमीटर मोठा.

आणि हे विसरू नका, ती नळी एकटी उभी असेल तर पुन्हा चिरणार. दोन्ही बाजूंना मरीन प्लायचे तिकोनी आधार द्या, नळीपासून बुडापर्यंत, आणि तेही कापडानं मढवा.

सराफा_रात्र (२२ जून, सकाळी ११:००)

ताई, किती सविस्तर! मला होडी नाही, तरी जपून ठेवतेय.

पाणकावळा_वडोदरा (२७ जुलै, रात्री ९:००)

झालं. पण सांगण्यासारखं बरंच आहे.

वाळवण्यातच अठरा दिवस गेले. प्लास्टिकखाली दोनदा दव आलं. दुसऱ्यांदा माझा मित्र, तोच सिलिकॉनवाला, म्हणाला की आता लावून टाकू. मी ताईंची पोस्ट त्याला वाचून दाखवली. त्यानंतर तोच रोज सकाळी कोरडी हवा आहे का बघायला लागला, तो त्या आठवड्यात तिथंच राहिला होता.

पहिलं मिश्रण वाया गेलं. अर्धा किलो एकदम डब्यात कालवलं आणि दहा मिनिटांत डबा हाताला धरवेना, धूर यायला लागला. त्यानंतर १५० ग्रॅमच करत गेलो आणि पसरट ट्रेमध्ये ओतलं, त्यात उष्णता साठत नाही. दुसऱ्या दिवशी थरावर मेणासारखा चिकट पापुद्रा होता.

रेझिनवाली (२७ जुलै, रात्री ९:२५)

तो अमाइनचा थर. दमट हवेत हार्डनर वर येऊन बसतो. पाण्यानं धुतला ना? ॲसिटोननं नाही ना?

पाणकावळा_वडोदरा (२७ जुलै, रात्री ९:३०)

पाण्यानं, हिरव्या घासणीनं, मग कोरडं करून पॉलिश पेपर. तुमच्याच जुन्या एका धाग्यात वाचलं होतं.

पाणकावळा_वडोदरा (२८ सप्टेंबर, रात्री १०:४०)

नारळी पौर्णिमेनंतर खाडीतल्या बाकीच्या होड्या गेल्या, आम्ही पाऊस ओसरेपर्यंत थांबलो. काल सकाळच्या उधाणाला होडी उतरवली. टेफ्लॉनची ८ची दोरी, तीन कडी, काकांनी सांगितल्याप्रमाणे. सागवानी खुंटी नळीशेजारी बांधलेली आहे. कॉलर बसवली आहे.

नळीच्या बुडाशी पुन्हा पावडर भुरभुरवली आणि तासभर इंजिनावर, मग तीन तास शिडावर, वारा चांगला होता. पावडर जशीच्या तशी. ग्लँडखालचा टिश्यू एका कोपऱ्यात ओला झाला, नट पाव फेरा आवळले आणि तोही थांबला. टिलर दोन बोटांनी फिरतं. वारा मागून असतानाही कटकट नाही. ती शांतता ऐकून आम्ही तिघंही काही वेळ बोललो नाही.

एक राहिलंय. सुकाणूच्या पात्यावर टकटक केलं तर खालच्या तिसऱ्या हिश्श्यात भद्द आवाज येतो, आणि वाळायला ठेवलं होतं तेव्हा तळाच्या कडेतून तपकिरी पाणी झिरपलं होतं. दांडा पात्यात शिरतो तिथून पाणी आतल्या फोममध्ये गेलं असणार. यंदा तो सांधा वरून नीट बंद केला आहे, पण आतल्या लोखंडी पट्ट्या कशा आहेत ते उघडल्याशिवाय कळणार नाही.

दर्यावर्दी (२८ सप्टेंबर, रात्री ११:०५)

तपकिरी पाणी म्हणजे आत गंज आहे. या हंगामात किनारा सोडून लांब जाऊ नका, आणि मे महिन्यात पातं फोडा.

जुना_पंपवाला (२९ सप्टेंबर, सकाळी ६:४५)

आधी खाली एक ५ मिलिमीटरचं भोक पाडून पाणी निथळू द्या, उघडायची वेळ येईपर्यंत थोडं तरी वाळेल. पट्ट्यांचं वेल्डिंग करायचं ठरलं तर दांड्यासकट मकरपुऱ्याला आणा. मी आहेच.